त्या सकाळी फिरलेला भाव

बबन,

तू गेलास त्याला आज नऊ दिवस झाले आणि माझी तुझ्याशी भांडायची सवय काही गेलेली नाही. सकाळी दाढी करताना भांडतो, बसच्या रांगेत भांडतो. काल मशीनवर जॉब लावताना इतक्या मोठ्यानं काहीतरी बोललो, की शेजारच्या मशीनवरचा माणूस विचारायला आला, मला काही म्हणालात का. त्याला काय सांगणार? गेलेल्या माणसाशी वाद चाललाय म्हटलं असतं, तर त्यानं मला दवाखान्यात नेलं असतं.

वाद एकच आहे आणि दहा वर्षं जुना आहे. त्या कबड्डीच्या फायनलच्या शेवटच्या चढाईत तू हात वर का केलास? दम खरंच तुटला होता म्हणून, की कुणाकडून काही घेतलं होतंस म्हणून? हे मी तुला एकदाच विचारलं, तेही नको तिथं आणि नको तसं. नंतर दहा वर्षं आपण सगळ्या जगाबद्दल बोललो, तेवढं सोडून. आता विचारायला तू नाहीस. माणूस गेला की जुनं विसरावं म्हणतात. माझं उलटं झालंय. तू होतास तोवर मी विसरल्यासारखा वागत होतो, आता ते जमेना.

मी कंपनीत आलो पानशेतचं धरण फुटल्याच्या पुढच्या वर्षी. कराडकडचा गडी, डावा कोपरा धरणारा, कुणाचा पाय हाती आला की सुटत नाही म्हणून नाव झालेलं. तेव्हा कंपन्यांना कबड्डीचं वेड लागलं होतं. बाकीचे लोक गेटवर रांगा लावून भरती व्हायचे आणि आपण मैदानातून उचलून आणले जायचो. दोन वर्षांनी मोठ्या साहेबांनी खेडकडच्या एका जत्रेतून तुला आणलं. साहेबाला खेळ कळायचा कमी आणि हौस फार. त्यानं तुझी परीक्षा घेतली ती टाइम ऑफिसात, आठवतं? "दम किती आहे?" म्हणाला. तू तिथंच उभं राहून कबड्डी कबड्डी सुरू केलंस आणि क्लार्कची अख्ख्या पानाची हजेरी मांडून झाली तरी थांबला नाहीस. क्लार्कच शेवटी वैतागून म्हणाला, साहेब, घ्या याला कामावर, मला काम करू द्या. मी दारात उभा होतो. इतका हसलो होतो मी, की पुढं आठ वर्षं तुझ्या शेजारी खेळताना ते आठवलं तरी हसू यायचं.

खेळाडूंना हलकं काम मिळायचं. कुणी स्टोअरमध्ये, कुणी डिस्पॅचला, अर्धी शिफ्ट झाली की सरावाला सुट्टी. तुलाही स्टोअर दिलं होतं. तीन महिन्यांत तू स्वतः अर्ज करून फाउंड्रीत गेलास. जिथून लोक बदली मागतात तिथं तू बदली मागून गेलास! मी तुला तेव्हाही वेडा म्हणालो आणि तू जाईपर्यंत म्हणत राहिलो. ती तापलेली भट्टी, ती वाळू, साचे फोडताना उठणारी ती बारीक धूळ. तिथल्या माणसांना कंपनी गूळ देते तो काय कौतुकानं देते? घशात धूळ साठते म्हणून देते. मी हे सांगायला लागलो की तू खिशातून तोच गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात घालायचास.

"बबन, छाती जाईल तुझी तिथं."

"जाऊ दे की. स्टोअरात गेली नसती, पर मान खाली गेली असती," असं म्हणालास तू एकदा. मग सांगितलंस. स्टोअरमध्ये चहा आला की तुझा गिलास खिडकीत वेगळा ठेवायचे. कुणी बोलायचं काही नाही, फक्त तो गिलास रोज खिडकीत असायचा. "फाउंड्रीत समदेच काळे असत्यात, सदा. पाळी सुटली की कोन कोनाचा त्येच वळखू येत न्हाई. थितं चा एकाच किटलीतनं येतो." तरी मी वाद सोडला नाही, कारण उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, हे तुला ठाऊकच आहे.

तुझी एक खोड होती. चढाईत दम तुटला, म्हणजे तोंडातलं कबड्डी कबड्डी क्षणभर जरी थांबलं, की गडी बाद. ते ऐकायचं काम पंचाचं. पण तू पंचाची वाट न बघता स्वतःच हात वर करायचास आणि बाहेर येऊन बसायचास. तुमच्या गावच्या खेळात पंचच नसायचा म्हणे, त्यामुळं ज्याचा दम तुटेल त्यानंच हात वर करायचा अशी रीत होती. पहिल्या सरावात तू असा हात वर केलास तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मी तुला बाजूला घेऊन समजावलं, अरे बाबा, इथं पंचाला ऐकू आलं नाही तर दम तुटलाच नाही. तू म्हणालास, "त्याला ऐकू आलं न्हाई म्हनून माझा दम जोडला जातो व्हय?"

पण मग हेही सांगतो. पुढं तू शिकलास. निदान दोन सामन्यांत मी कानानं ऐकलंय, तुझा दम तुटलेला होता आणि तू गुपचूप रेषा ओलांडून आलास आणि मला डोळा मारलास. म्हणून तर माझा गोंधळ होतो. तू कायमच हात वर करणारा असतास तर प्रश्नच मिटला असता. कधीच न करणारा असतास तरी मिटला असता.

बाळूशेठच्या पानाच्या दुकानाबद्दल, हे कुणी वाचलं तर त्याच्यासाठी सांगतो, तुला काय सांगायचं. गेटसमोरच्या चौकात दुकान होतं. वर्षभर तो आकड्याच्या चिठ्ठ्या घ्यायचा आणि थंडीत कंपन्यांचे सामने सुरू झाले की सामन्यांवर पैजा घ्यायचा. कोण जिंकणार त्याचा भाव रोज सकाळी तोंडी फुटायचा. आपल्या संघावर दोन लावले तर एक मिळायचा, इतका लोकांचा आपल्यावर भरवसा. रोकड नसेल तर लोक घड्याळ लावायचे, सायकल लावायचे. एकानं तर बोकड आणून दुकानाच्या खांबाला बांधला होता. वेस्ट इंडिजमध्ये आपण कसोटी जिंकलो त्या वर्षी बाळूशेठचं दिवाळं निघायची वेळ आली होती, कारण आपले लोक हरणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. रेडिओवरची बातमी ऐकून तू आणि मी त्याच्या दुकानापुढं नाचलो होतो.

या पैजांवरून आपलं कधी पटलं नाही. मला वाटायचं, खेळावर पैज लागली की खेळ नासतो. तू मात्र खुशीत असायचास. "गावात माझ्यावर कुनी कोंबडीसुदा लावली नसती. हितं मानसं सायकली लावत्यात. माझ्या एका चढाईवर घड्याळं इकडची तिकडं व्हत्यात. वाईट काय हाय?" तुझं हे बोलणं त्या फायनलनंतर मला हजारदा आठवलं. ज्याला आपल्यावर लावलेल्या पैजांचा इतका अभिमान, तो स्वतःला विकेल का? की ज्याला आपली किंमत कळली, तोच विकेल? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितलाय. दोन्ही बाजू मला पटतात, हाच तर त्रास आहे.

आता माझी बाजू सांगतो. ती मी तुला कधी सांगितली नाही.

फायनलच्या दोन दिवस आधी सरावात तू चौथ्या चढाईनंतर गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिलास. बराच वेळ खोकलास. मी जवळ आलो तर म्हणालास, "धूळ गेली घशात, काय न्हाई." मैदानावर तेव्हा पाणी मारलेलं होतं. धूळ कुठली? मला दिसलं होतं बबन, तुझा दम पहिल्यासारखा राहिला नव्हता. आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर बाळूशेठच्या दुकानात गेलो. तिथं पाच-सहा जण तुझी तारीफ करत होते. मी कॅप्टन, मला वाटलं आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त माहिती आहे हे दिसावं. मी सुपारी चघळत म्हणालो, "बबनचा दम आता पहिल्यासारखा नाही राव. शेवटची पाच मिनिटं अवघड जातात त्याला." एवढंच. कुणी मला एक पानसुद्धा फुकट दिलं नाही त्याबद्दल. शहाणपणा मिरवायला बोललो आणि घरी जाऊन जेवलो.

फायनलच्या सकाळी भाव फिरलेला होता. आपल्यावर एक लावला तर दोन मिळणार. चौकात नुसता कालवा. मुंबईच्या गिरणीचा संघ आलेला, त्यांच्याकडून कुणीतरी काहीतरी दिलंय, कुणीतरी फुटलंय, अशी कुजबुज. आणि माझ्या या मूर्ख डोक्यात तेव्हा आलंसुद्धा नाही की हे माझ्या बोलण्यामुळं झालंय. मला राग आला. आमच्या संघाला हे असं समजतात काय! त्या रागात मी आयुष्यात पहिल्यांदा पैज लावली, आपल्याच संघावर. माझी सायकल, दोनच महिन्यांपूर्वी घेतलेली, दुकानाच्या भिंतीला टेकवून आलो. खेळाडूनं स्वतःच्या सामन्यावर पैज लावली असं साहेबाला कळलं असतं, तर मला गेटच्या बाहेर काढलं असतं. पैजांविरुद्ध तुला भाषणं देणारा तो मी.

सामना कसा झाला ते तुला काय सांगू. शेवटची चढाई आपली आणि आपण एका गुणानं मागं. आपल्याकडं दुसरा चढाईपटू होता, ताज्या दमाचा. तू माझ्याकडं बघितलंस. भुवया वर केल्यास, म्हणजे, मी जाऊ? मी मान हलवली. जा. आता मी स्वतःला विचारतो, तुला पाठवलं ते तू सर्वांत चांगला म्हणून, की सायकल भिंतीला टेकलेली होती म्हणून? आणि तुझ्या त्या भुवया म्हणजे विचारणं होतं की नको म्हणणं होतं? मी तेव्हा नीट बघितलंच नाही.

तू गेलास. दोघांना स्पर्श केलास, लोक उभे राहिले, आणि तू वळलास. कुणी तुला धरलं नव्हतं. रेषा दीड पावलावर होती. लोकांचा ओरडा एवढा होता की पंचाला काय, देवालाही तुझा दम ऐकू आला नसता. पंचानं शिट्टी वाजवली नव्हती. आणि तू थांबलास. रेषेच्या अलीकडं थांबलास आणि हात वर केलास.

उभे राहिलेले लोक खाली बसले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "विकली." तो शब्द पुढच्या रांगेपर्यंत यायला किती वेळ लागला असेल? मला वाटतं तू रेषेवरून चालत बाहेर येईपर्यंत सगळ्यांना खात्री झाली होती. सकाळी भाव फिरला होता, हा पुरावा. शिट्टी नसताना हात वर केला, हा दुसरा पुरावा. आणि तिसरा पुरावा कुणी तोंडानं बोललं नाही, पण मी आज बोलतो. तुझ्या जागी दुसरा कुणी असता, स्टोअरमध्ये ज्याचा गिलास सगळ्यांबरोबर असायचा असा कुणी, तर लोकांनी थोडा तरी वेळ घेतला असता. निदान आधी पाणी दिलं असतं. मीसुद्धा त्या लोकांतच होतो.

कपडे बदलायच्या तंबूत मी सगळ्यांदेखत तुझी कॉलर धरली. "पैसे घेतलेस?" तू दम खात होतास, बोलता येत नव्हतं. मी थोबाडीत मारली. तू गाल चोळलास आणि माझ्याकडं बघत म्हणालास, "घेतलं आसं समज." मग साहेबानं विचारलं तेव्हाही तेच. घेतलं आसं समजा. घेतलं म्हणाला नाहीस, नाही घेतलं म्हणाला नाहीस. तुझ्या त्या तीन शब्दांवर मी दहा वर्षं घालवली.

आठ दिवसांनी बाळूशेठच माझ्याजवळ येऊन हसत म्हणाला, "सदाभाऊ, भारी टीप दिली तुमी. तुमच्या बोलन्यावर तर भाव फिरवला मी." मुंबईहून कुणी आलं नव्हतं, कुणी फुटलं नव्हतं. भाव फिरवणारा मी होतो. पहिला पुरावा खोटा होता आणि तो मी तयार केला होता.

मग मी साहेबाकडं का गेलो नाही? मी स्वतःला सांगितलं, तुझ्याचसाठी. कारण भाव तुझ्या दमामुळं फिरला असं सांगायचं म्हणजे तुझी छाती खराब आहे असं सांगायचं. पर्मनंट व्हायच्या आधी डॉक्टरकडं पाठवतात. छातीत दोष निघाला की घरी. पैसे खाल्ल्याचा संशय असलेल्या माणसाला ते संघातून काढतील, पण फाउंड्रीत हात कमी असतात, तिथं ठेवतील. हे सगळं खरं होतं, आणि झालंही तसंच. पण माझ्या पर्मनंटचं पत्र साहेबाच्या टेबलावर सहीला पडलं होतं, हेही खरं होतं. दोन महिन्यांनी ते माझ्या हातात आलं. तुझं यायला चार वर्षं लागली, तेही युनियननं धरून लावलं म्हणून. मी गप्प बसलो ते तुझ्यासाठी की त्या पत्रासाठी? तुझ्याबद्दल मला जेवढा गोंधळ आहे तेवढाच माझ्याबद्दल आहे. फक्त माझ्याबद्दल विचार करायचा मी टाळतो.

सायकल चोरीला गेली असं मी घरी सांगितलं. थेरगावपर्यंत पायी जायला लागलो. तू गेटवर तुझी सायकल घेऊन थांबायचास. "बस मागं." मी बोलायचो नाही, चालायला लागायचो. मग तूही उतरून सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालायचास. माझ्या घराच्या वळणापर्यंत. मग उलटा फिरून पिंपरीला. त्या अख्ख्या उन्हाळ्यात आपण एक शब्द बोललो नाही. पावसाळ्यात एक दिवस चिखल फार होता म्हणून मी मागं बसलो, आणि तू नेहमीसारखं कुठल्या तरी माणसाची नक्कल करायला लागलास, जसं काही मधले महिने झालेच नव्हते. मी तुला क्षमा केली असं मला त्या दिवशी वाटलं. हसू नकोस. खरंच मला असं वाटलं होतं, की क्षमा करणारा मी आहे.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, बबन. माझ्या मुलीच्या बारशाला तू आणि वहिनी सर्वांत आधी आलात. माझी आई आजारी होती तेव्हा तू रोज येऊन बसायचास आणि तिला तुमच्याकडची गाऱ्हाणी सांगायचास. म्हातारीला माझ्यापेक्षा तुझं बोलणं आवडायचं. तुझा खोकला वाढत गेला. गेल्या वर्षी तुला दोन जिने चढता येईनात. मी म्हणायचो फाउंड्री सोड, तू म्हणायचास आता काय राह्यलंय सोडायला. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसलो होतो. श्वास मोजून घ्यावा लागत होता तुला. विचारायचं तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, ज्याला एक वाक्य पुरं करायला तीनदा थांबावं लागतं त्याला काय विचारायचं. मी तुला मोसंबी सोलून दिली.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. चाळीपुढं चटया टाकल्या होत्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण, पंचशील झालं. मग कुणी कुणी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले. माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो आणि "बबन फार चांगला माणूस होता" एवढं बोलून खाली बसलो. रस्त्यावरचा कुणी अनोळखी माणूस आला असता तर त्यालाही एवढं बोलता आलं असतं.

चहा झाल्यावर सुमन वहिनींनी मला आत बोलावलं. कोपऱ्यात त्यांचं शिलाई मशीन होतं, फायनलनंतर महिन्याभरात तुमच्या घरी आलेलं. त्यावरूनही तेव्हा लोक बोलले होते आणि मी ते ऐकून घेतलं होतं. वहिनींनी मशीनवर हात ठेवला आणि सरळ विचारलं.

"भावजी, ह्यांनी ती मॅच विकली होती का?"

मी म्हणालो, "तुम्हाला काय सांगितलं होतं त्यानं?"

"हो म्हणाले होते. त्याच पैशाचं हे मशीन म्हणाले. दहा वर्षं मी ह्याच्यावर पोरांचे गणवेश शिवतेय आणि दर वेळी पाय लावला की मनात तेच येतं. मला खरं सांगा. आता तरी सांगा."

मला खरं माहीत नव्हतं, बबन. पण जे माहीत होतं ते तरी दहा वर्षं माझ्या पोटात होतं. मी ते सगळं सांगितलं. पानाचं दुकान, माझं शहाणपण, फिरलेला भाव, सायकल, पत्र. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मला वाटलं रडतील, किंवा मला घराबाहेर काढतील. त्या म्हणाल्या, "हे मला एकटीला कशाला सांगताय? मघाशी बाहेर उभे होतात तेव्हा का नाही बोललात?"

आणि त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. फाउंड्रीतले जुने लोक चपला घालत होते. "थांबा जरा," म्हणाल्या, "भावजींना बोलायचंय." लोक परत बसले. सात-आठ जण असतील. मी बोललो. त्या सकाळी भाव फिरला तो माझ्यामुळं, बबनमुळं नाही, आणि हे मला आठ दिवसांत कळलं होतं तरी मी गप्प बसलो. एवढं बोललो आणि आता काय होईल ते होवो म्हणून उभा राहिलो.

काहीच झालं नाही. गेनूदादा, तुमच्या साच्यावरचे, त्यांनी तंबाखू मळली. म्हणाले, "बस खाली, सदा. आमाला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"ह्येच की. बाळूशेठनं फायनलच्याच सांजंला बबनला सांगितलं व्हतं, सदा बोलला म्हनून. बबन आमाला म्हनला, भाईर काढू नका. सदाचं पर्मनंटचं पत्र सहीला हाय. माझं काय, मी हितं भट्टीवर हायच."

त्याच संध्याकाळी. म्हणजे उन्हाळाभर माझ्याबरोबर सायकल हातात धरून चाललास तेव्हा तुला माहीत होतं. माझ्या मुलीला मांडीवर घेतलंस तेव्हा माहीत होतं. मी मोसंबी सोलत होतो तेव्हाही. आणि तुझ्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, आणि ते दहा वर्षं मला गेटवर भेटून रामराम करत होते. मला त्या क्षणी तुझ्याबद्दल कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटली, पण आधी भयंकर राग आला. एवढं मोठं ओझं माझ्या नकळत माझ्यासाठी उचलायचा अधिकार तुला कुणी दिला?

मग मशीनची गोष्ट निघाली. एक म्हणाला, ते मशीन भिशीतून आलं, पहिला नंबर आम्ही बबनला दिला होता. दुसरा म्हणाला, भिशी त्या वर्षी झालीच नाही, ओव्हरटाइमचे पैसे होते ते. तिसरा म्हणाला, दोन्ही नाही. त्यांच्यातच वादावादी सुरू झाली. वहिनी एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग ते मला हो का म्हणाले?"

मला राहवेना. मी गेनूदादांना म्हणालो, "भाव माझ्यामुळं फिरला, ते झालं. पण तो हात? शिट्टी नसताना त्यानं हात वर का केला? दम तुटला होता का खरंच? तुम्हाला काय सांगितलं त्यानं?"

गेनूदादांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी काहीतरी वेडगळ विचारलंय.

"ते आमी कदी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "दुसऱ्या दिशी कामाला आला. आमच्यात बसला, जेवला. काय इचारायचं त्याला?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तुला सरकून जागा दिली असणार. मी आठ वर्षं तुझ्या शेजारी खेळलो होतो. तुझ्या तोंडात पाणी जायच्या आधी मी तुला विचारलं होतं. आणि बबन, तुझ्यापासून आता काय लपवू, मी अजूनही विचारतोच आहे.